फुकटचं ऑफिस कोणतं घ्यावं? आधी फाईल कोणती, ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा-सात वर्षांचा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावरच्या सशुल्क ऑफिसची मुदत संपली, त्यामुळे फाइली उघडतात पण त्यांत काही बदलता येत नाही. काम म्हणजे मराठी-इंग्रजीतलं लांब लेखन, महिन्याच्या हिशेबाची शीट आणि अधूनमधून स्लाइड्स. बाहेरून येणाऱ्या फाइली बहुतेक डॉकएक्स (वर्डच्या) नाहीतर एक्सएलएसएक्स (एक्सेलच्या). ओपनऑफिस, लिब्रेऑफिस, ओन्लीऑफिस आणि डब्ल्यूपीएस यांतलं काय घ्यावं? आणि नोटपॅड प्लस प्लस हा साधा टेक्स्ट एडिटर टाकला तर वर्डची गरज उरेल का?

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. लिब्रेऑफिस घ्या. त्याच्या जोडीला नोटपॅड प्लस प्लस घ्या, पण वर्डच्या बदली म्हणून नव्हे. त्याचं काम वेगळं आहे. गेली वीसेक वर्षं मी लोकांचे संगणक लावून देतो आणि हस्तलिखितं छपाईसाठी तयार करतो. त्या अनुभवातून एक गोष्ट पक्की कळली आहे: फुकटच्या ऑफिसवर गेल्यावर जे लोक त्रासून परत फिरतात, त्यांचं सॉफ्टवेअर क्वचितच चुकलेलं असतं. कोणती फाईल कोणत्या स्वरूपात ठेवायची, हे त्यांनी ठरवलेलं नसतं.

ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस यांच्यातला गोंधळ आधी मिटवू, कारण जुन्या आठवणीने लोक अजूनही ओपनऑफिसच उतरवून घेतात. दोघांचं मूळ एकच, स्टारऑफिस नावाचं जर्मन सॉफ्टवेअर. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९९९ साली विकत घेतलं आणि २००० साली त्याचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ संहिता, सगळ्यांना खुला केला. तेच ओपनऑफिस. २०१० साली सन कंपनी ओरॅकलकडे गेली. प्रकल्पाचं पुढे काय होणार याची चिंता वाटून त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यातल्या बऱ्याच मंडळींनी द डॉक्युमेंट फाउंडेशन काढलं आणि त्याच कोडवरून लिब्रेऑफिस सुरू केलं. ओरॅकलने २०११ साली ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनला देऊन टाकलं. तिथे ४.१ ही आवृत्ती २०१४ साली निघाली, आणि त्यानंतर आजवर फक्त त्याच ४.१च्या डागडुजीच्या आवृत्त्या येत राहिल्या. लिब्रेऑफिसची मोठी आवृत्ती मात्र वर्षातून दोनदा येते. २०२४ पासून आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो, म्हणजे २४.२ ही फेब्रुवारी २०२४ची आणि २४.८ ही ऑगस्टची. आपली आवृत्ती किती जुनी झाली आहे ते त्यामुळे लगेच समजतं.

तुमच्या बाबतीत निवड एकाच मुद्द्यावर संपते. अपाचे ओपनऑफिस डॉकएक्स फाईल उघडतं, पण डॉकएक्समध्ये सेव्ह करू शकत नाही. बाहेरून आलेली फाईल दुरुस्त करून त्याच स्वरूपात परत पाठवायची असेल तर तिथे रस्ता बंद होतो. लिब्रेऑफिस दोन्ही करतं. ओपनऑफिसने एके काळी फार मोठं काम केलं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही आज नव्या माणसाला ते घ्या असं मी सांगणार नाही.

आता ‘फुकट’ या शब्दाबद्दल. फुकट आणि मुक्त (ज्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो) यांत फरक आहे, आणि तो केवळ तत्त्वाचा नाही. डब्ल्यूपीएस आणि सॉफ्टमेकरचं फ्रीऑफिस फुकट मिळतात, पण त्यांचा कोड बंद आहे. काय फुकट द्यायचं आणि कशाला पैसे लावायचे हे कंपनी ठरवते, आणि तो निर्णय उद्या बदलूही शकतो. डब्ल्यूपीएसचा चेहरामोहरा वर्डसारखा असल्याने लोकांना ते पटकन रुळतं, पण फुकट आवृत्तीत जाहिराती असतात आणि काही सोयींसाठी पैसे मोजावे लागतात. फ्रीऑफिस हलकं आणि नीटनेटकं आहे. ओन्लीऑफिसचा गाभा एजीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे आणि ते डॉकएक्सलाच आपली घरची भाषा मानतं, त्यामुळे वर्डमध्ये केलेली मांडणी त्यात बऱ्याचदा अधिक जशीच्या तशी दिसते. तुमचं सगळंच काम दुसऱ्यांच्या डॉकएक्स फाइलींवर शेरे मारून परत पाठवण्याचं असतं, तर मी ओन्लीऑफिस सुचवलं असतं. पण तुम्ही लांब लेखन करता, तेही दोन लिप्यांत. तिथे लिब्रेऑफिसच्या रायटरची, म्हणजे त्यातल्या लेखनाच्या भागाची, स्टाइल्स (शीर्षक, परिच्छेद यांचं ठरवून ठेवलेलं रूप), नॅव्हिगेटर (शीर्षकांचा नकाशा), तळटिपा आणि अनुक्रमणिका यांवरची पकड जास्त भक्कम आहे. ब्राउझरमध्ये चालणारी फुकट ऑफिसंही आहेत आणि अनेकांनी एकत्र लिहायला ती उत्तम आहेत, पण इंटरनेट गेलं की काम अडतं, म्हणून एकट्याच्या लेखनासाठी मी ती बाजूला ठेवतो.

तर मूळ मुद्दा, फाईल.

डॉकएक्स किंवा ओडीटी (लिब्रेऑफिसचं घरचं स्वरूप) फाईल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप पाकीट असतं. शेवटचं नाव बदलून झिप केलं आणि उघडलं, तर आत मजकुराची एक्सएमएल (खुणा लावलेल्या साध्या मजकुराची) फाईल, स्टाइल्सची वेगळी फाईल आणि चित्रांचं फोल्डर दिसतं. एकदा स्वतः उघडून बघाच, बरीच भीती तिथेच जाते. ओडीटी हे ओपनडॉक्युमेंट या कुटुंबातलं स्वरूप. ते २००६ साली आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय, मानक झालं. डॉकएक्सचं मानक २००८ साली मंजूर झालं. म्हणजे दोन्ही कागदोपत्री खुली आहेत. पण डॉकएक्सच्या मानकात एक कडक प्रकार आहे आणि एक संक्रमणकाळासाठीचा सैल प्रकार, आणि वर्ड सहसा हा सैल प्रकारच लिहितं. त्यात जुन्या सवयींचं बरंच ओझं आहे. एका सॉफ्टवेअरची मांडणी दुसऱ्यात थोडीफार सरकते, त्याचं हे एक कारण.

पण हे छोटं कारण झालं. मोठी कारणं दोन, आणि दोन्ही आपल्या हातातली आहेत. पहिलं फॉन्ट. समोरच्याने कॅलिब्रीत लिहिलंय आणि तुमच्या संगणकावर कॅलिब्री नाही, तर दुसरा फॉन्ट लागतो. अक्षरांची रुंदी बदलली की ओळी तुटण्याच्या जागा बदलतात आणि मग पानंच्या पानं सरकतात. यावर फार जणांना माहीत नसलेला उपाय म्हणजे मापात जुळणारे मुक्त फॉन्ट. कार्लिटोची मापं कॅलिब्रीशी जुळतात, कॅलेडियाची कँब्रियाशी, लिबरेशन सेरिफची टाइम्स न्यू रोमनशी आणि लिबरेशन सॅन्सची एरियलशी. अक्षराचा आकार वेगळा दिसेल, पण ओळ जिथे तुटायची तिथेच तुटते. लिब्रेऑफिस त्या फॉन्टची अदलाबदल आपणहून करतं.

दुसरं कारण हाताने केलेली मांडणी. माझ्याकडे एकदा २४० पानांचा अहवाल आला होता. तो लिहिणाऱ्याने प्रत्येक प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठी एंटर दाबत दाबत पान भरलं होतं आणि शीर्षकं मध्यभागी आणायला स्पेसबार वापरला होता. दुसऱ्या संगणकावर उघडताच अर्धी शीर्षकं पानाच्या तळाशी आली आणि मध्येच कोरी पानं दिसू लागली. तक्रार आली, “फुकटच्या सॉफ्टवेअरने फाईल बिघडवली.” त्याच सशुल्क ऑफिसच्या दुसऱ्या आवृत्तीतही ती फाईल तशीच विस्कटली असती, आणि विस्कटलीच, मी उघडून दाखवली. मग दोन दिवस बसून सगळी एंटरं काढली, प्रकरणाच्या नावांना ‘हेडिंग १’ ही स्टाइल दिली आणि ‘या स्टाइलच्या आधी नवं पान’ एवढी एक खूण त्या स्टाइलमध्ये केली. त्यानंतर तो अहवाल कुठेही उघडला तरी जागेवर राहिला, शिवाय अनुक्रमणिका एका क्लिकमध्ये तयार झाली. रायटरमध्ये एफ-११ दाबलं की स्टाइल्सची पट्टी येते आणि एफ-५ दाबलं की शीर्षकांचा नकाशा. या दोन कळा शिकायला अर्धा तास द्या. लांब लेखन करणाऱ्याला याहून उपयोगी अर्धा तास मला माहीत नाही.

फाइलींसाठी मी पाळतो तो नियम सांगतो. जी फाईल फक्त माझी आहे, ती ओडीटीत. जी दुसऱ्याबरोबर मागेपुढे जाणार आहे, ती पहिल्या दिवसापासून त्याच्या स्वरूपात, म्हणजे बहुतेक वेळा डॉकएक्समध्ये, आणि शेवटपर्यंत त्याच स्वरूपात. आज ओडीटी, उद्या डॉकएक्स, परवा पुन्हा ओडीटी असं कधीही करू नका. दर रूपांतरात थोडंथोडं काहीतरी गळतं. जी फक्त वाचायची किंवा छापायची आहे, ती पीडीएफमध्ये. लिब्रेऑफिसमध्ये ‘हायब्रिड पीडीएफ’ असाही पर्याय आहे. त्यात पीडीएफच्या पोटातच मूळ ओडीटी राहते, म्हणजे इतरांना ती साधी पीडीएफ दिसते आणि तुम्ही लिब्रेऑफिसमध्ये उघडली की पुन्हा दुरुस्त करता येते. सेव्ह करताना ‘हेच स्वरूप ठेवायचं का’ असं विचारणारी चौकट आली की घाबरू नका, ती फक्त खात्री करून घेते.

मराठीसाठी एक सेटिंग आधी तपासा, नाहीतर पहिल्याच दिवशी चिडचिड होईल. लिब्रेऑफिस रोमन लिपीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळे धरतं. देवनागरीचा समावेश तिथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात होतो. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर तो गट चालू करा आणि त्याची भाषा मराठी ठेवा. मग मूळ परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये जाऊन दोन्ही फॉन्ट आणि दोन्ही आकार स्वतः निवडा. हे केलं नाही तर स्टाइलमध्ये फॉन्ट १४ केला तरी मराठी मजकूर १२वरच राहतो आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. इंग्रजी १२ आणि देवनागरी १३ किंवा १४ ठेवलं तर दोन्ही लिप्या एका ओळीत शोभून दिसतात, हा माझा डोळ्यांचा अनुभव.

जोडाक्षरांची काळजी आता फारशी उरलेली नाही. २०१७च्या ५.३ या आवृत्तीपासून लिब्रेऑफिस सगळ्या संगणक-प्रणालींवर हार्फबझ नावाचं एकच अक्षर-जुळणी यंत्र वापरतं, त्यामुळे विंडोजवर नीट दिसणारं अक्षर लिनक्सवर तुटत नाही. तरी कोणतंही ऑफिस घेण्यापूर्वी त्यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द एकाखाली एक लिहून बघा, मग ‘राष्ट्रीय’ आणि ‘तऱ्हा’. ते पडद्यावर बरोबर दिसले आणि पीडीएफ केल्यावरही बरोबर राहिले, तर ते सॉफ्टवेअर मराठीला लायक आहे. मी नवीन काहीही बसवलं की पहिल्यांदा हेच लिहितो.

हिशेबाच्या शीटसाठी लिब्रेऑफिसमधलं कॅल्क पुरेसं आहे. १० लाख ४८ हजार ५७६ ओळी मिळतात, एक्सेलमध्येही तेवढ्याच असतात. साधी सूत्रं, गाळणी, पिव्हट टेबल हे सगळं चालतं. अडचण येते ती मॅक्रोंना, म्हणजे शीटमध्ये आपोआप कामं करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना. एक्सेलमधले व्हीबीए मॅक्रो कॅल्कमध्ये काही चालतात, काही नाही. तुमच्या शीटमध्ये बटणं दाबून चालणारे मोठे मॅक्रो असतील तर बदलाआधी ते एकेक करून तपासा.

मला त्याहून जास्त काळजी वाटते ती आकड्यांसारख्या दिसणाऱ्या मजकुराची. स्प्रेडशीट संख्येचे पंधराच अंक नेमके सांभाळतं. सोळा अंकी क्रमांक संख्या म्हणून टाकला की शेवटचा अंक शून्य होऊ शकतो, तोही न सांगता. क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं तर हमखास उडतात. तारखेसारखा दिसणारा शब्द तारीख होऊन बसतो. हा उपद्रव एवढा वाढला की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली ‘मार्च-१’सारखी काही जनुकांची नावंच बदलली, कारण शीट त्यांना तारखा समजत होती. कॅल्कचा एक गुण मला म्हणूनच आवडतो: सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकुराची) फाईल उघडताना ते आधी चौकट दाखवतं. तिथे अशा स्तंभावर क्लिक करून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करा आणि मगच पुढे जा. मी एका यादीतले ३,००० नोंदणी क्रमांक एकदा याच घाईत गमावले होते. सेव्ह करून झाल्यावर लक्षात आलं, आणि मूळ प्रत नसती तर ती शून्यं परत आणायचा कुठलाही मार्ग नव्हता.

स्लाइड्ससाठी इम्प्रेस आहे. साध्या सादरीकरणाला ठीक, दुसऱ्याच्या हलत्या-नाचत्या स्लाइड्स मात्र जशाच्या तशा येतील याची खात्री नाही. दुसऱ्याच्या संगणकावर दाखवायचं असेल तर पीडीएफही सोबत न्या.

आता नोटपॅड प्लस प्लस. वर्ड आणि रायटर हे वर्ड प्रोसेसर आहेत, ते मजकूर आणि त्याचं रूप दोन्ही साठवतात. टेक्स्ट एडिटर फक्त अक्षरं साठवतो. ठळक, तिरपं, तळटीप, पानाचा समास यांतलं काही नाही. म्हणून अर्ज किंवा पुस्तक शेवटपर्यंत त्यात तयार होणार नाही. पण कच्चा मजकूर, याद्या, सीएसव्ही, सेटिंग्जच्या फाइली, कुठूनतरी चिकटवून आणलेला आणि स्वच्छ करायचा मजकूर यासाठी त्याच्यासारखं हत्यार नाही. २००३ पासून ते फुकट आणि मुक्त आहे, जुन्या संगणकावरही पटकन उघडतं, आणि सेव्ह न केलेला मजकूरही दर सात सेकंदांनी बाजूला जपून ठेवतं. ऑल्ट दाबून माउस ओढला की उभा स्तंभ निवडता येतो. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढचे आकडे काढायला यासारखं सोपं काही नाही. ते फक्त विंडोजवर चालतं. लिनक्सवर केट हा तसाच एडिटर घ्या. व्हीएस कोड प्रोग्रॅमिंगला फार चांगलं आहे, पण ४ जीबी रॅमवर नुसत्या टिपणांसाठी ते जड होतं. एक आणखी: विंडोज ११च्या २०२४ मधल्या २४एच२ आवृत्तीपासून वर्डपॅड काढून टाकलं आहे, त्यामुळे ‘मधलं काहीतरी’ म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

टेक्स्ट फाईल मराठीत असेल तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत, समजून घ्या, कारण इथे झालेलं नुकसान कधीकधी कायमचं असतं. बिघाड तीन तऱ्हांनी दिसतो आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. मराठीच्या जागी चिन्हं लावलेली युरोपीय अक्षरं दिसत असतील तर मजकूर अजूनही शाबूत आहे, फक्त तो चुकीच्या पद्धतीने वाचला जातोय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या आजच्या रूढ पद्धतीत तीन बाइट (साठवणीची छोटी एककं) घेतं, आणि ते तीन बाइट कुणीतरी तीन वेगळी अक्षरं समजतंय. अशा वेळी काहीही सेव्ह न करता नोटपॅड प्लस प्लसच्या एन्कोडिंग मेनूत यूटीएफ-८ निवडा. त्याच मेनूत खाली ‘कन्व्हर्ट’ असलेले पर्याय आहेत, ते तेव्हा निवडू नका; ते चुकीच्या वाचनालाच पक्कं करतात. आणि जर नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल, तर फाईल आधीच कुणीतरी एएनएसआय या जुन्या, देवनागरी न मावणाऱ्या पद्धतीत सेव्ह केलेली आहे आणि मूळ अक्षरं गेली आहेत. तिथे जुनी प्रत शोधणं एवढाच उपाय.

युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच मानकाच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या मराठी फाइली तुमच्याकडे असतील तर त्या वेगळ्याच. त्यांत आतून रोमन अक्षरं असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. कोणतंही ऑफिस त्या आपोआप सुधारणार नाही, रूपांतरकातून काढाव्या लागतील आणि मग रफार, ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासावे लागतील.

बसवताना सॉफ्टवेअर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. ४ जीबी रॅमवर लिब्रेऑफिस पहिल्यांदा उघडायला थोडा वेळ घेतं, नंतर ठीक चालतं. जावा (काही प्रोग्रॅमना लागणारं वेगळं सॉफ्टवेअर) नेहमीच्या कामाला लागत नाही. ती मुख्यतः बेस या डेटाबेसच्या भागाला हवी असते. मेनूंची जुनी रचना नको असेल तर व्ह्यू मेनूतल्या यूजर इंटरफेसमधून टॅबवाली पट्टी निवडा. ऑटोरिकव्हरी, म्हणजे चालू काम आपोआप जपून ठेवणं, मुळात दर १० मिनिटांनी होते, ती ३वर आणा आणि ‘नेहमी बॅकअप प्रत ठेवा’ ही खूण करा. पुढे हा लॅपटॉप लिनक्सवर नेलात तरी हेच लिब्रेऑफिस तिथेही मिळेल आणि याच फाइली चालतील.

जुनं ऑफिस मात्र लगेच काढून टाकू नका. तुमच्या सगळ्यांत गुंतागुंतीच्या पाच-सहा फाइली निवडा: तळटिपांची एक, मोठ्या तक्त्यांची एक, दोन लिप्यांची एक, सूत्रांनी भरलेली शीट एक. त्यांच्या प्रती करून लिब्रेऑफिसमध्ये उघडा आणि पान न पान जुन्याशी ताडून बघा. जी बिघडून दिसेल, ती जुन्या ऑफिसमध्ये उघडून प्रिंटच्या चौकटीतून पीडीएफ करून ठेवा. मुदत संपलेलं ऑफिस बदल करू देत नसलं तरी वाचू आणि छापू देतं.